न दुखणारे दुखणे

गेल्या ऑगस्टमध्ये, नाल्याला पूर असताना, चार माणसे एकाला बाजेवर घालून आपल्या दवाखान्यात घेऊन आली. वय पंचेचाळीसच्या आसपास. उजवा हात आणि उजवा पाय लुळा, तोंड डावीकडे ओढलेले, बोलायला गेला की नुसता आवाज. लकवा मारल्याला अठरा तास होऊन गेले होते. रक्तदाब होता २१०/१२०. बायको पुन्हा पुन्हा एकच सांगत होती, "त्याले तं काहीच नव्हतं, बाई. परवा दिवसभर रोवणी करून आला."

त्याचे नाव ओळखीचे वाटले म्हणून जुनी नोंदवही काढली. दोन वर्षांपूर्वी त्याच्या गावात आपण शिबिर घेतले होते. त्यात त्याची नोंद होती: रक्तदाब १७०/१००, महिन्याच्या गोळ्या दिल्या. त्यापुढचे रकाने कोरे. बायको खोटे बोलत नव्हती. त्याला खरेच काही होत नव्हते. डोके दुखत नव्हते, चक्कर येत नव्हती, तो नांगर धरत होता. गोळ्या संपल्या, तो परत आला नाही, आणि आम्हीही त्याच्या दारात गेलो नाही. या अंकात रक्तदाबावर लिहायचे ठरवले ते त्या कोऱ्या रकान्यांमुळे.

"आदिवासींना कुठला बीपी?"

मुंबई-पुण्याहून भेटीला येणारे आपले हितचिंतक हा प्रश्न हमखास विचारतात. माणसे सडपातळ, दिवसभर कष्ट, तळलेले खाणे नाही, मोकळी हवा. मग हृदयाचे आणि रक्तवाहिन्यांचे रोग इथे कसे? मलेरिया, कुपोषण, सर्पदंश यांसाठी मदत मागितली तर ती लगेच समजते. रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी मागितली की समोरचा जरा थांबतो.

गडचिरोली जिल्ह्यात 'सर्च' या संस्थेने ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणे घरोघरी जाऊन तपासली. २०१५ साली ती प्रसिद्ध झाली. मृत्यूचे सर्वांत मोठे कारण निघाले ते पक्षाघात, म्हणजे ज्याला आपण लकवा म्हणतो ते. साधारण दर सात मृत्यूंमागे एक. त्यातले बहुतेक लोक घरीच वारले होते, कुठल्याही रुग्णालयाच्या नोंदीत न येता. हा रोग आपल्याला दिसत नव्हता याचे अर्धे कारण हेच आहे.

पण हितचिंतकांचा प्रश्न अगदीच चुकीचा नाही. १९८८ साली 'इंटरसॉल्ट' नावाचा एक मोठा अभ्यास जगासमोर आला. ३२ देशांतल्या ५२ ठिकाणी लोकांचा रक्तदाब आणि त्यांच्या लघवीतले मीठ मोजले गेले. त्यात ब्राझीलच्या जंगलातले यानोमामी आदिवासी होते. ते जेवणात मीठ घालत नाहीत. त्यांचा वरचा रक्तदाब सरासरी ९५ च्या आसपास होता आणि वय वाढले तरी तो वाढत नव्हता. आपल्याकडे 'वय झाले की बीपी वाढायचाच' असे शिकलेली माणसेही म्हणतात. त्याला हे उत्तर आहे. बोलिव्हियातल्या चिमाने आदिवासींच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या २०१७ च्या एका अभ्यासात तपासल्या, तेव्हा शंभरातल्या ८५ जणांच्या वाहिन्यांत कॅल्शियमचा थर नावालाही नव्हता. ती माणसे दिवसाचे सहा-सात तास अंगमेहनतीत असतात.

म्हणजे जंगलात राहणाऱ्याचे हृदय चांगले राहू शकते. मात्र हे संरक्षण बरेचसे राहणीत असते. नुसत्या जातीने किंवा रक्ताने आदिवासी असण्यात ते नसते. राहणी बदलली की ते जाते, आणि आपल्या गावांत ते कशाने गेले हे पाहायला फार लांब जावे लागत नाही.

मीठ, खर्रा आणि बाकीचे

मध्य भारताच्या जंगलात एके काळी मीठ फार मोलाचे होते. बाजारात आलेला व्यापारी मिठाच्या बदल्यात चारोळी घेऊन जाई, आणि त्या सौद्यात कोण लुबाडले जाई हे सांगायला नको. आज तेच मीठ दुकानातली सर्वांत स्वस्त वस्तू आहे, आणि चारोळी विकत घेणे गावातल्या कोणालाही परवडत नाही.

स्वस्त झाले म्हणून मीठ वाढले, एवढेच नाही. गरिबाच्या ताटात मीठ जास्त असण्याचे एक साधे कारण आहे. ताटात भाताचा डोंगर असतो आणि त्याला लावायला काहीतरी लागते. भाजी नसेल तर मिरचीची चटणी, वाळलेली मासळी, लोणचे, पातळ आंबट वरण. एवढासा पदार्थ एवढ्या भाताला चव देतो तो मिठाच्या जोरावर. उन्हाळ्यात रानभाजी संपली की हे अधिकच होते. म्हणून 'मीठ कमी खा' असा सल्ला देऊन आपण मोकळे होतो तेव्हा बायका नुसत्या हसतात. त्यांचे बरोबर आहे. मीठ कमी करायचे तर ताटात दुसरे काही आले पाहिजे. अंबाडी, शेवगा, वास्ते, कुड्याची फुले, परसातले टोमॅटो. आंबटपणा असला की मीठ थोडे कमी चालते, हे आमच्याच स्वयंपाकघरात करून पाहिलेले आहे. परसबागेच्या बियाण्याची पाकिटे आपण वाटतो ती पोषणासाठी, पण हृदयासाठीही तेच औषध आहे.

मोजमाप सांगायचे तर जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे चहाचा एक छोटा चमचा, तोही सपाट भरलेला, आणि त्यात चटणीतले, सुक्या मासळीतले, पाकिटातल्या खाऊतले सगळे आले. आश्रमशाळेजवळच्या टपरीवर पाच रुपयांना मिळणाऱ्या चटकदार पाकिटांवर मी फार लिहीत नाही. ती बंद कशी करायची याचा उपाय माझ्याजवळ नाही.

दुसरी गोष्ट खर्रा. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते: सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या तुकड्यात घोटून तयार करतात तो खर्रा. पुरुष खातात, बायका खातात, आणि शाळेतली मुलेही खातात. याने तोंडाचा कॅन्सर होतो हे आता बहुतेकांना माहीत आहे. त्याने रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदयाचे ठोके वाढतात हे माहीत नाही. तंबाखू ओढली काय आणि चघळली काय, निकोटिन रक्तात जातेच. तंबाखू चघळणाऱ्यांनाही हृदयविकाराचा आणि लकव्याचा धोका जास्त असतो. 'मी बिडी पीत नाही, फक्त खर्रा खातो' ही बढाई त्यामुळे कामाची नाही.

दारूचे म्हणाल तर जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. तरी दारू मिळते, हे सर्वांना ठाऊक आहे. सणाला, देवाला मोहाची दारू हा एक भाग झाला. रोज संध्याकाळी पिणे हा वेगळा भाग, आणि रक्तदाब वाढतो तो या दुसऱ्याने.

अजून एक कारण आहे, आणि ते माणसाच्या हातातले नसते. अडीच किलोपेक्षा कमी वजनाने जन्मलेल्या मुलांना मोठेपणी रक्तदाब, मधुमेह आणि हृदयविकार होण्याची शक्यता अधिक असते. इंग्लंडमध्ये डेव्हिड बार्कर यांनी हे दाखवले, आणि पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी जवळपासच्या खेड्यांतल्या गर्भवती आणि त्यांच्या मुलांवर वर्षानुवर्षे या दिशेने काम केले. पोटात असताना जे मूल उपाशी राहिले, त्याचे शरीर पुढे भरल्या दिवसांना नीट तोंड देऊ शकत नाही. आपल्या माता-बाल केंद्रातली गर्भवती रोज अंडे खाते तेव्हा चाळीस वर्षांनंतरचा एक लकवा कदाचित टळत असतो. हे अहवालात कुठल्या रकान्यात लिहायचे ते मात्र मला अजून कळलेले नाही.

दाब म्हणजे नेमके काय

रक्तदाब पहिल्यांदा मोजला तो एका पाद्र्याने. इंग्लंडमधल्या टेडिंग्टन गावचे पाद्री स्टीफन हेल्स यांनी घोडीच्या धमनीत नळी घालून तिला उंच काचेची नळी जोडली. रक्त आठ फुटांहून वर चढले. १७३३ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. घोडीचे काय झाले ते विचारू नये. माणसाच्या दंडावर पट्टा बांधून मोजण्याची पद्धत यायला १८९६ साल उजाडले.

हृदय दिवसाला सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावते. प्रत्येक वेळी ते रक्त जोराने धमन्यांत ढकलते. त्या क्षणी धमनीच्या भिंतीवर जो दाब पडतो तो वरचा आकडा, आणि दोन ठोक्यांच्या मधे जो उरतो तो खालचा. १२०/८० च्या आसपास असला तर चांगला. वेगवेगळ्या दिवशी मोजूनही १४०/९० किंवा अधिक येत राहिला, तर तो उच्च रक्तदाब.

धमनी ही लोखंडाची नळी नव्हे. ती जिवंत, लवचीक असते, आणि आतून गुळगुळीत अस्तर असते. वर्षानुवर्षे जास्त दाब पडला की अस्तर खरवडले जाते, तिथे चरबीचे थर साचतात, भिंत कडक होते. पुढे काय होणार ते धमनी कुठली आहे त्यावर ठरते. मेंदूतल्या बारीक धमन्यांपैकी एखादी फुटते किंवा गुठळीने बंद होते, तो लकवा. हृदयाला रक्त देणारी बंद होते, तो हार्ट अॅटॅक. मूत्रपिंडाच्या बारीक वाहिन्या निकामी होतात आणि माणूस डायलिसिसला पोचतो, किंवा इथून डायलिसिस फार लांब असल्याने पोचत नाही. आणि खुद्द हृदय, वाढत्या दाबाविरुद्ध ढकलून ढकलून आधी जाड होते आणि मग थकते: चढ चढताना दम लागतो, रात्री उताणे झोपवत नाही, पाय सुजतात. पाय सुजले की आमच्याकडे लोक येतात. तोपर्यंतची दहा-पंधरा वर्षे यातले काहीही दुखत नाही.

इथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. दुसऱ्या महायुद्धातले अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन वारले. त्या दिवशी त्यांचा रक्तदाब ३००/१९० नोंदला गेला होता. जगातले उत्तम डॉक्टर त्यांच्या उशाशी होते, पण रक्तदाब नीट खाली आणणारी चांगली गोळी तेव्हा नव्हती. आज ती आपल्या उपकेंद्रात फुकट मिळते. रूझवेल्टना जे मिळाले नाही ते बाजेवरून आलेल्या त्या माणसाला दोन वर्षांपूर्वी मिळाले होते, फक्त एका महिन्यापुरते.

गोळीबद्दल गावात काय बोलतात

"एकदा सुरू केली की सवय लागते." हे वाक्य मी जितक्या वेळा ऐकले तितके दुसरे कुठले नाही. सवय खर्ऱ्याची लागते. गोळीची गरज असते. छपराला टेकू दिला आणि छप्पर सरळ राहिले, म्हणून टेकू काढून घेतला तर काय होईल? गोळी चालू आहे म्हणून दाब बरोबर आहे. दाब बरोबर आला म्हणून गोळी बंद करायची नसते. वजन, मीठ, दारू कमी झाल्यावर काही जणांची मात्रा कमी करता येते, पण ते डॉक्टरांनी मोजून ठरवायचे.

"अंगात काही होत नाही, मग गोळी कशाला?" याचे उत्तर वर आलेच. त्याला जोडून उलटी चूकही होते: डोके दुखले की गोळी घ्यायची, नाही दुखले की नाही. रक्तदाबाची गोळी डोकेदुखीवर नाही. ती रोज, ठरल्या वेळी घ्यायची. सुरुवातीला बहुधा अमलोडिपिन देतात. तिने काहींच्या घोट्याला थोडी सूज येते. तसे झाले तर दवाखान्यात सांगावे, औषध बदलता येते. गुपचूप बंद करू नये. वरचा आकडा १० ने खाली आणला तरी लकव्याचा धोका साधारण पाव हिश्शाने कमी होतो.

मोजून घेण्याबद्दलही थोडे. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने, कितीही धडधाकट असला तरी, वर्षातून एकदा मोजावे. आयुष्मान आरोग्य मंदिरात, म्हणजे आपल्या उपकेंद्रात, हे होते. आठ किलोमीटर चालत आलेल्या माणसाचा दाब दारातच मोजू नये. पाच मिनिटे पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून बसू द्यावे. अर्धा तास आधी चहा किंवा खर्रा नको. पट्टा उघड्या दंडावर, हात हृदयाच्या उंचीला, मोजताना बोलायचे नाही. दोनदा मोजावे. हे लिहिण्याचे कारण म्हणजे आपल्याच शिबिरांत गर्दी झाली की यातले काही पाळले जात नाही.

सगळे रक्तदाबाने होत नाही

लहान मुलाला लकवा झाला तर सिकलसेलची तपासणी आधी व्हावी. आपल्या भागात हा आजार बराच आहे आणि त्यानेही मेंदूची धमनी बंद पडते. तरुण मुलीला दम लागत असेल, बाळंतपणात श्वास कोंडत असेल, तर हृदयाची झडप खराब असू शकते. तिचे मूळ बहुधा लहानपणच्या घसादुखीत असते: घसा दुखतो, दोन-तीन आठवड्यांनी ताप येऊन मोठे सांधे एकामागून एक सुजतात, सांधे बरे होतात आणि झडप आतल्या आत खराब होत राहते. अशा मुलांना तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन अनेक वर्षे द्यावे लागते. वसतिगृहाच्या अधीक्षकांनी सांधे सुजलेल्या मुलाला बाम लावून झोपवू नये, दवाखान्यात पाठवावे.

आणि तसे झालेच तर

तोंड वाकडे झाले, एक हात वर उचलता येत नाही, बोलणे जड झाले. यातले एक जरी अचानक दिसले तरी लकवा समजावा आणि १०८ ला फोन करावा. केव्हा सुरू झाले ती वेळ लक्षात ठेवावी. गुठळी विरघळवणारे औषध साडेचार तासांच्या आतच देता येते, तेही डोक्याचा सीटी स्कॅन झाल्यावर. आपल्या गावांतून तेवढ्या वेळात पोचणे अवघड आहे हे खरे, पण कोणी पोचतो. तोंडात पाणी, दूध, काढा काही घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. एका कुशीवर निजवावे. कबुतराच्या रक्ताने मालीश करण्यात आपल्याकडे अजूनही पहिला दिवस जातो, आणि नेमका तोच दिवस महत्त्वाचा असतो.

छातीच्या मधोमध दाब, तो डाव्या हातात किंवा जबड्यात जाणारा, सोबत घाम, हे हृदयाचे समजावे. 'गॅस झाला' म्हणून ओवा खात बसू नये. अशा वेळी आरोग्यसेविका किंवा डॉक्टर अॅस्पिरिन चघळायला देतात. लकव्यात मात्र अॅस्पिरिन आपल्या मनाने देऊ नये, कारण मेंदूत रक्तस्राव असेल तर तो वाढतो.

तो माणूस वाचला. आता काठी घेऊन चालतो. 'पाणी' आणि 'जेवण' असे शब्द स्पष्ट बोलतो, बाकीचे बायकोला समजतात. शेत यंदा भावाने केले. त्या भावाचा रक्तदाब आम्ही बाजेजवळच मोजला होता: १६४/१०२. वय अडतीस, काहीच त्रास नाही.

यंदा आपण दोन गोष्टी बदलल्या. रविवारी प्रार्थनेनंतर चॅपलच्या ओसरीवर आपली नर्सबाई पट्टा घेऊन बसते, आणि कुठल्याही पंथाचा माणूस येऊन मोजून जातो. दुसरे म्हणजे पावसाळा. नाले भरले की अकरा गावांशी दोन-अडीच महिने नीट संपर्क राहत नाही, आणि महिन्याला गोळ्या देण्याची पद्धत तिथेच तुटते. म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात या गावांतल्या प्रत्येक रुग्णाला तीन महिन्यांच्या गोळ्या घरी पोचवल्या. सोबत एक तक्ता दिला, गोळी घेतली की त्या दिवसावर कोळशाने रेघ मारायची. आशाताई गावातच असल्याने दर पंधरवड्याला तक्ता पाहतात. १६४/१०२ असलेल्या भावाचा तक्ता परवा पाहिला. जुलैत चार दिवस रेघ नाही. विचारले तर म्हणाला, "रोवणीले गेलो होतो मामाच्या गावाले, गोळ्या घरीच राहिल्या." आता त्याच्या बायकोने आठ गोळ्या एका डबीत घालून त्याच्या शिदोरीच्या पिशवीत शिवून दिल्या आहेत. ऑगस्टच्या शेवटी मोजला तेव्हा दाब १३६/८६ होता.